परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात परदेशातल्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मिळणाऱ्या शिष्यवृत्त्यांबद्दल प्रश्न मागवले होते. पत्रं बरीच आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, मजकूर थोडा आटोपशीर केला आहे. शेवटच्या तारखा दरवर्षी थोड्या पुढेमागे सरकतात, त्यामुळे इथे महिने दिले आहेत. नेमकी तारीख त्या-त्या वर्षाच्या जाहिरातीत बघावी.

प्रश्न : मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, सीजीपीए ७.९. चिव्हनिंग, फुलब्राइट, डाड, इरास्मस असे चारही अर्ज भरायचं ठरवलंय. नोकरी न करता थेट जायचं आहे. चालेल का? (इस्लामपूर)

चारपैकी तीन नावं आत्ताच खोडा. ब्रिटनच्या चिव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्सला तीन वर्षांचा लागतो, आणि शिवाय विषय ठरलेले असतात : सार्वजनिक आरोग्य, पर्यावरण, नगररचना, पत्रकारिता, अर्थशास्त्र अशा धाटणीचे. मेकॅनिकल त्यात बसत नाही. जर्मनीच्या डाडचे विकासविषयक अभ्यासक्रम भारतीयांत लोकप्रिय आहेत, पण त्यांनाही पदवीनंतर दोन वर्षं काम केलेलं लागतं. अनुभवाच्या रकान्यात इंटर्नशिप आणि कॉलेजचा प्रोजेक्ट भरून काही साधत नाही. असे अर्ज पहिल्या चाळणीतच गळतात, निबंध कोणी उघडतही नाही.

उरलं इरास्मस मुंडस. युरोपातली काही विद्यापीठं मिळून हे एक ते दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवतात आणि किमान दोन देशांत शिकावं लागतं. अनुभवाची सरसकट अट नसते आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी अर्ज करू शकतात. शिष्यवृत्ती महिन्याला १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने, म्हणजे ३३,६०० युरो. फी भरावी लागत नाही, विमा मिळतो. विमानाचं तिकीट आणि व्हिसा मात्र याच १,४०० मधून भागवायचा असतो. पहिल्या महिन्याला घराचं डिपॉझिट आणि तिकीट एकदम अंगावर येतं, तेव्हा दीड-दोन लाख रुपये वेगळे काढून ठेवा.

प्रत्येक अभ्यासक्रमाचा अर्ज वेगळा, संकेतस्थळ वेगळं, तारीख वेगळी. बहुतेक तारखा डिसेंबर ते फेब्रुवारीत येतात, म्हणजे तुमच्या सातव्या सत्राच्या परीक्षेच्या तोंडावर. पूर्वी एका वर्षी तीनच अर्ज करता यायचे. ती मर्यादा आता नाही. तरी दहा अर्ज करण्यात अर्थ नाही. तीन-चार निवडा आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र लिहा.

इथे मुलं अडखळतात ती किरकोळ वाटणाऱ्या कागदांवर. बरेच अभ्यासक्रम गेल्या १२ महिन्यांतला रहिवासाचा पुरावा मागतात. ग्रामपंचायतीचा दाखला मराठीत असतो, त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. कॉलेजकडून बोनाफाइड घेताना त्यात ‘पदवी अमुक महिन्यात पूर्ण होणं अपेक्षित’ हे वाक्य लिहून घ्या. नुसतं ‘शिकत आहे’ पुरत नाही. आणि निकालपत्र नीट वाचा. ‘तुमची निवड झाली आहे, स्वखर्चाने येऊ शकता’ असंही पत्र येतं. ती शिष्यवृत्ती नव्हे. ‘राखीव यादी’ असं पत्र आलं तर मात्र धीर धरा, ती यादी उन्हाळाभर हलते.

प्रश्न : माझ्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग माझं, वडिलांचं आणि शेवटी आईचं नाव आहे. पासपोर्टवर आईचं नाव नाही. आयईएलटीएसच्या निकालावर तिसराच क्रम आलाय. अडचण येईल का? (कल्याण)

येते, आणि नको त्या वेळी येते. महाराष्ट्रातल्या मुलांच्या अर्जांचं घोडं निबंधापेक्षा जास्त वेळा इथेच अडतं.

उदाहरण घेऊ. गुणपत्रिकेवर ‘पाटील स्नेहा रमेश सुनीता’. पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात ‘पाटील’, नावाच्या रकान्यात ‘स्नेहा रमेश’. परदेशी माणूस गुणपत्रिका डावीकडून वाचतो. त्याच्या लेखी मुलीचं नाव ‘पाटील’ आणि आडनाव ‘सुनीता’. अर्ज एका नावाचा, ट्रान्सक्रिप्ट दुसऱ्या नावाची, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल तिसऱ्या नावाचा. संगणक तिघींना वेगळं समजतो आणि तुमच्या खात्यावर ‘कागद मिळाले नाहीत’ एवढंच दिसत राहतं.

उपाय साधा आहे, फक्त आधी करायचा. पासपोर्टवरचं नाव हेच प्रमाण धरा. अर्ज, परीक्षा, ईमेल, शिफारसपत्र, सगळीकडे अक्षरन् अक्षर तेच. गुणपत्रिका बदलून घ्यायच्या भानगडीत पडू नका. त्याऐवजी कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या लेटरहेडवर पत्र घ्या : आमच्याकडे नावं आडनाव, स्वतःचं, वडिलांचं, आईचं या क्रमाने छापली जातात आणि पासपोर्ट क्रमांक अमुकवरची व्यक्ती हीच. त्यावर सही, शिक्का, तारीख. ते स्कॅन करून प्रत्येक गुणपत्रिकेच्या पीडीएफमध्ये पहिलं पान म्हणून जोडा. वेगळी फाइल म्हणून टाकलं तर गुणपत्रिका बघणाऱ्याच्या ते नजरेस पडत नाही.

फक्त क्रम वेगळा असेल तर एवढं पुरतं. स्पेलिंगच वेगळं असेल (एकीकडे एक ‘ए’, दुसरीकडे दोन), तर मुद्रांकावर नोटरीसमोर ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र करा. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागेल. नाव पूर्ण बदललं असेल तर राजपत्र. आणि अर्ज भरून झाल्यावर पासपोर्ट नवा काढू नका. क्रमांक बदलतो आणि सगळं पहिल्यापासून जुळवत बसावं लागतं. पासपोर्टची मुदत दोन वर्षांच्या आत संपत असेल तर नूतनीकरण आधी, अर्ज नंतर.

प्रश्न : चिव्हनिंगचे निबंध कसे लिहायचे? बीडमध्ये एका संस्थेत पाणलोटाचं काम पाच वर्षं करतोय. इंग्रजी बरं आहे, पण लिहिलेलं सगळं भाषणासारखं वाटतं. (बीड)

तुमच्याकडे मालमसाला भरपूर आहे. भाषण काढून टाकलं की तो दिसेल.

आधी तासांचं. चिव्हनिंग दोन वर्षांचा अनुभव २,८०० तासांत मोजतं. पूर्णवेळ पाच वर्षं म्हणजे तुमचा प्रश्नच नाही. ज्यांचं काम आठवड्याला १५ तासांचं आहे त्यांना मात्र सुमारे १८७ आठवडे, म्हणजे साडेतीन वर्षांहून जास्त लागतात. हिशोब पदवीनंतरच्या कामावर बसवा, कॉलेजात असतानाच्या तासांवर विसंबू नका.

प्रश्न चार असतात : नेतृत्व, लोकसंपर्क, ब्रिटनमध्ये हाच अभ्यासक्रम का, आणि पुढची योजना. शब्दमर्यादा तोकडी असते. ‘मराठवाडा हा दुष्काळी भाग असून येथील शेतकरी…’ अशी सुरुवात केली की साठ शब्द गेले आणि तुमच्याबद्दल काहीच कळलं नाही. दुष्काळाची माहिती परीक्षकाला आहे. त्याला हवं आहे ते असं : तुमच्या हाताखाली किती माणसं होती, निर्णय कोणता घेतला, विरोध कोणी केला, मग काय बदललं.

समजा तुम्ही लिहिलंत : ‘मी गावकऱ्यांना पाणी वाचवण्याचं महत्त्व पटवून दिलं.’ हे कोणीही लिहील. त्याऐवजी : ‘नऊ गावांतल्या विहिरींची पातळी दर पंधरवड्याला मोजून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहायची पद्धत मी सुरू केली. तिसऱ्या गावात सरपंचांनी आकडे पुसायला लावले, कारण कोणाची बोअर किती उपसते ते उघड होत होतं. मग मी विहिरींना मालकाच्या नावाऐवजी क्रमांक दिले. मोजणी परत सुरू झाली आणि त्या उन्हाळ्यात गावाने उसाच्या नव्या लागवडीवर बंदीचा ठराव केला.’ यात ‘नेतृत्व’ हा शब्द कुठेही नाही, आणि निबंध नेतृत्वाचाच आहे. अडथळा आणि त्यावरची तोड एवढं जरूर ठेवा. सगळं सुरळीत झालं असं लिहिणाऱ्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

लोकसंपर्काच्या प्रश्नात लोक मोठ्या माणसांची नावं टाकतात. त्याने काही होत नाही. ओळखीतून काम कसं झालं ते लिहा : भूजल खात्यातल्या कोणाकडून नकाशे मिळाले, बदल्यात तुम्ही त्यांना गावातली मोजणी दिली, ती देवाणघेवाण अजून सुरू आहे.

अभ्यासक्रम तीन निवडायचे असतात आणि ते एकाच दिशेचे हवेत. जलव्यवस्थापन, एमबीए आणि मानवाधिकार अशी त्रिस्थळी यात्रा दिसली की परीक्षक समजतो, याला कुठेही जायचंय. प्रत्येक अभ्यासक्रमातला एखादा विषय नावानिशी घ्या आणि तो तुम्हाला कुठे कमी पडतोय ते सांगा. ‘जागतिक दर्जाचं शिक्षण’ हे शब्द तर शोधून शोधून काढून टाका.

अर्ज साधारण ऑगस्टमध्ये उघडतो, ऑक्टोबरमध्ये बंद होतो. मुलाखती पुढच्या वर्षी फेब्रुवारीनंतर. तिन्हीपैकी किमान एका विद्यापीठाचा बिनशर्त प्रवेश जुलैपर्यंत हातात लागतो, म्हणून विद्यापीठांचे अर्ज चिव्हनिंगच्या निकालाची वाट न पाहता ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच करून टाका. निकाल लागल्यावर विद्यापीठाकडे जाणं म्हणजे वरातीमागून घोडं. मुलाखतीत निबंधातलाच एखादा आकडा उचलून विचारतात, ‘हे नऊच गावांत का?’ त्यामुळे जो आकडा तोंडी समजावता येत नाही तो लिहू नका.

प्रश्न : सर म्हणतात, ‘शिफारसपत्र तूच लिहून आण, मी सही करतो.’ आणू का? (जळगाव)

नको. तीन पत्रं तुम्हीच लिहिलीत की तिन्हींत तेच शब्द, तीच वळणं येतात आणि तुमच्या उद्देशपत्राशीही जुळतात. वाचणारे वर्षाला शेकडो पत्रं चाळतात, त्यांच्या हे चटकन लक्षात येतं.

पण सरांना वेळ नाही हेही खरं असतं. मधला मार्ग म्हणजे त्यांना एक पानाचं टिपण द्या : कोणत्या वर्षी कोणता विषय त्यांच्याकडे होता, किती गुण होते, प्रकल्पात तुम्ही नेमकं काय केलंत, त्यांना आठवेल असा एखादा प्रसंग, आणि अर्ज कशासाठी आहे. त्यावरून पत्र त्यांनी त्यांच्या भाषेत लिहावं. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. ‘गेल्या पाच वर्षांत शिकवलेल्या तीनशे विद्यार्थ्यांत ही पहिल्या दहांत’ या एका वाक्याला पानभर विशेषणांपेक्षा जास्त वजन असतं. तुम्हाला न ओळखणाऱ्या प्राचार्यांपेक्षा प्रयोगशाळेत रोज बघणारे शिक्षक केव्हाही बरे.

आणखी एक. बहुतेक ठिकाणी पत्र शिक्षकांनी थेट ऑनलाइन चढवायचं असतं आणि जीमेलचा पत्ता संशयाने बघितला जातो किंवा घेतलाच जात नाही. कॉलेजच्या नावाचा ईमेल सरांना असेल तर तोच द्या. नसेल तर कार्यालयाकडून काढून घ्यायला महिनाभर आधी सांगा. दुवा पाठवला की त्याच दिवशी फोन करून स्पॅममध्ये बघायला सांगा.

प्रश्न : बी.एस्सी. केमिस्ट्री, ६८ टक्के. जर्मनीत फी नसते म्हणतात, मग शिष्यवृत्ती हवी कशाला? माझ्या टक्क्यांत प्रवेश मिळेल का? (नाशिक)

बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसते हे खरं. अपवाद आहेत : बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही आता फी लावली आहे. पण खरा खर्च राहण्याचा. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) दाखवावे लागतात, महिन्याला ९९२ प्रमाणे.

आता टक्के. जर्मन विद्यापीठं तुमचे गुण त्यांच्या १ ते ४ या मोजपट्टीत बदलतात. १ सर्वोत्तम, ४ जेमतेम उत्तीर्ण. सूत्र असं : कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल वजा किमान-उत्तीर्ण याने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. तुमचे ६८, कमाल १००, उत्तीर्ण होण्याची किमान पातळी ४० असेल तर ३२ भागिले ६०, गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.६. अनेक अभ्यासक्रमांची मर्यादा २.५ असते. म्हणजे थोडक्यात हुकलं.

पण किमान पातळी ३५ असेल तर भागाकार ६५ ने होतो आणि उत्तर २.४८ येतं, तुम्ही आत. ५० धरली तर २.९२, खूपच बाहेर. तेव्हा गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला छापलेला उत्तीर्णतेचा नियम बघा. तिथे नसेल तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून लेखी घ्या आणि अर्जाला जोडा. नियम जोडला नाही तर समोरचा स्वतःच्या अंदाजाने आकडा धरतो.

स्वखर्चाने जाणाऱ्या भारतीयांना व्हिसाआधी एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) लागतं. नोव्हेंबर २०२२ पासून ही अट आहे, शुल्क १८,००० रुपये. ते हातात यायला आठवडे लागतात, म्हणून प्रवेशअर्जाच्या आधीच सुरुवात करा.

शिष्यवृत्ती म्हणून पदवीनंतर लगेच मिळण्याजोगी म्हणजे ‘डॉइचलांडस्टिपेंडियम’, महिना ३०० युरो. तिथे प्रवेश घेतल्यावर विद्यापीठाकडेच अर्ज करायचा. हाइनरिश ब्योल, कोनराड आडेनाउअर यांसारखी प्रतिष्ठानं जास्त देतात, पण जर्मन चांगलं यावं लागतं आणि सामाजिक कामाची नोंद बघतात. काम करण्याची मुभा वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस आहे. त्या कमाईवर खिशाला हातभार लागतो, वर्ष निघत नाही.

प्रश्न : अनुसूचित जातीतली आहे, वडील एसटीत वाहक. एम.ए. समाजशास्त्र झालं. ‘महाराष्ट्रातील ऊसतोड आणि जात’ या विषयावर ब्रिटनमध्ये पीएच.डी. करायची आहे. केंद्राची शिष्यवृत्ती घ्यावी की राज्याची? (लातूर)

तुमच्या विषयाने निम्मं उत्तर दिलं आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ जागा असतात. अनुसूचित जातींबरोबर भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांतल्यांनाही त्यात संधी आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, वय ३५ पर्यंत, पात्रता परीक्षेत ६० टक्के, आणि विद्यापीठांच्या क्यूएस या जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या ५०० संस्थांपैकी एखादीचा बिनशर्त प्रवेश. तुम्ही हे सगळं पूर्ण कराल. पण २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताशी संबंधित सामाजिक अभ्यासाचे विषय या योजनेतून वगळले आहेत. नियम योग्य की अयोग्य यावर बरंच लिहून आलं आहे, आमच्या मते तो अन्यायाचा आहे. पण आज तो आहे आणि तुमचा विषय त्यात सरळ अडकतो. शीर्षकात ‘ग्लोबल’ घालून विषय लपवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. संशोधन आराखडा वाचला जातो.

म्हणून राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी समाजकल्याण आयुक्तालयामार्फत मिळते. पीएच.डी.साठी वयाची मर्यादा ४० आहे. उत्पन्न, गुण आणि क्रमवारीच्या अटींत अलीकडे फेरबदल झाले आहेत, तेव्हा मैत्रिणीने दिलेली गेल्या वर्षीची पीडीएफ बाजूला ठेवून चालू वर्षाची जाहिरातच वाचा. (इतर वाचकांसाठी : इतर मागास बहुजन कल्याण विभाग, आदिवासी विकास विभाग आणि मराठा-कुणबी उमेदवारांसाठी सारथी यांच्याही परदेश शिष्यवृत्त्या आहेत. जाहिराती वेगवेगळ्या वेळी येतात.)

कागद आत्तापासून जमवा. प्रांतांकडचा जातीचा दाखला, पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र, अधिवास दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, वडिलांचा फॉर्म १६ आणि विवरणपत्र. वैधता प्रमाणपत्राला सर्वांत जास्त वेळ लागतो. उत्पन्नाचा दाखला जाहिरातीत सांगितलेल्या आर्थिक वर्षाचाच हवा.

पैशांच्या वेळेचा मेळ बसतोच असं नाही. ब्रिटिश विद्यापीठ अनामत मागतं, शिष्यवृत्तीची यादी अजून लागलेली नसते. अशा वेळी विद्यापीठाला लिहा : माझा सरकारी प्रायोजक आहे, निर्णय अमुक महिन्यात अपेक्षित, अनामत माफ करावी किंवा मुदत वाढवावी. बहुतेक विद्यापीठांत प्रायोजित विद्यार्थ्यांसाठी अशी सोय असते, पण मागितल्याशिवाय मिळत नाही. सोबत, पुढच्या सत्रात प्रवेश ढकलता येईल का हेही विचारून ठेवा. निवड झाल्यावर शासनाच्या पत्रात फी आणि निर्वाह दोन्हींचा स्पष्ट उल्लेख आहे ना ते बघा. व्हिसासाठी ते पत्र बँकेतल्या शिलकीच्या जागी चालतं.

प्रश्न : इंग्लंडच्या विद्यापीठाने मुलीला ४,००० पौंडांची ‘स्कॉलरशिप’ दिली आहे. एजंट म्हणतो सात दिवसांत पैसे भरा, नाहीतर जाईल. (सोलापूर)

ही फीतली सूट आहे. वाईट नाही, पण मिळालेल्या प्रवेशपत्रांपैकी बऱ्याच पत्रांवर ती छापलेली असते, तेव्हा पेढे वाटण्याआधी बेरीज करा. फी २४,००० पौंड असेल तर उरले २०,०००. लंडनबाहेर राहण्या-जेवणाला महिना ११५० धरला तर बारा महिन्यांचे १३,८००. आरोग्य अधिभार विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६. एक वर्षाच्या अभ्यासक्रमाचा व्हिसा पुढे चार महिने चालतो, म्हणून दीड वर्षाचे १,१६४ पडतात. व्हिसा शुल्क साधारण साडेपाचशे. एकूण ३५,५०० पौंड. ११५ रुपयांच्या भावाने ४० लाख ८२ हजार, विमानभाडं वेगळं. सूट धरून झालेला हा आकडा आहे.

सात दिवसांची मुदत विद्यापीठाच्या पत्रात लिहिलेली आहे का ते स्वतः वाचा. नसेल तर ती एजंटची आहे. त्याला कमिशन विद्यापीठाकडून मिळतं, तेही मुलगी दाखल झाल्यावर.

स्वतःच्या शिलकीवर जायचं ठरलं तर लागणारी रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, एक दिवसही खाली गेली तर व्हिसा नाकारतात. काकांनी आदल्या आठवड्यात टाकलेले पैसे चालत नाहीत. मुंबईतले दोन जुने मार्गही बघा : जे. एन. टाटा एंडोमेंट (स्थापना १८९२) आणि के. सी. महिंद्रा ट्रस्ट. दोन्हींकडे मिळते ती कर्ज-शिष्यवृत्ती, म्हणजे परत करायची. महिंद्राची बिनव्याजी असते.

प्रश्न : शिकून झाल्यावर दोन वर्षं परत यायची अट असते. तिथेच नोकरी मिळाली तर? (पुणे)

चिव्हनिंगची अट करारात असते. फुलब्राइटची अमेरिकेच्या जे-१ व्हिसातच असते : भारतात एकूण दोन वर्षं राहिल्याशिवाय एच-१बी किंवा ग्रीनकार्ड मिळत नाही. सवलत मिळते, पण सरकारी पैशाने शिकलेल्यांना ती मिळणं फार अवघड. तिथेच राहायचं मनात पक्कं असेल तर या दोन वाटा सोडा, अमेरिकेत पीएच.डी.ला विद्यापीठाच्या साहाय्यकपदावर फी आणि निर्वाह दोन्ही निघतात आणि अशी अट नसते. अट काही आजची नाही. १९१३ साली महिना साडेअकरा पौंडांवर डॉ. आंबेडकरांना कोलंबियाला पाठवताना बडोदा संस्थानानेही परतल्यावर नोकरीचा करार करून घेतला होता.

प्रश्न : माझ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. भारतीयांसाठीच्या शिष्यवृत्त्यांना चालेन का? (मडगाव)

नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. चिव्हनिंग, फुलब्राइट-नेहरू आणि सरकारी योजना तुम्हाला बंद. उलट पोर्तुगाल, जर्मनी, नेदरलँड्समध्ये फी युरोपीय नागरिकाची लागते आणि कामाच्या तासांवर बंधन नसतं. ब्रिटनमध्ये ब्रेक्झिटनंतर तो फायदा उरलेला नाही. इरास्मस मुंडस कोणत्याही नागरिकत्वाला खुलं आहे. घरात अजून कोणी पोर्तुगीज नागरिकत्वासाठी नोंदणी करणार असेल तर शिष्यवृत्तीचा निकाल लागेपर्यंत थांबलेलं बरं.

प्रश्न : शिष्यवृत्तीवर कर लागतो का? (ठाणे)

भारतात शिक्षणखर्चासाठी दिलेली शिष्यवृत्ती करमुक्त आहे. अमेरिकेत फीचा भाग करमुक्त, राहण्या-जेवणासाठी मिळालेला भाग करपात्र, आणि त्यावर साधारण १४ टक्के आधीच कापून घेतात. भारतीय विद्यार्थ्यांना दोन देशांतल्या कर-कराराच्या कलम २१ प्रमाणे तिथली प्रमाणित वजावट घेता येते, त्यामुळे कापलेला बराचसा कर परत मिळतो. त्यासाठी अनिवासी विवरणपत्र भरावं लागतं, शक्यतो १५ एप्रिलच्या आत. विद्यापीठाचं परदेशी विद्यार्थी कार्यालय त्याचं सॉफ्टवेअर बहुधा फुकट देतं.